दशांशानंतरचं नाव

तक्रार पाठवून तेरा दिवस झाले होते आणि नीलम शिवलकरला अजून कुणी काहीही विचारलं नव्हतं. तिची झोप उडाली होती ती त्यामुळेच.

कुणी विचारलं असतं तर खोटं बोलायची तिची तयारी होती. भांडी घासताना, मुलीची वेणी घालताना ती मनात घोकत होती, "नाय साहेब, मी कशाला करू तक्रार?" पण कुणी विचारतच नाही म्हटल्यावर त्या खोट्याचं करायचं काय?

चौदाव्या दिवशी, सोमवारी दुपारी पावणेदोनला, पहिली पाळी सुटताना आणि दुसरी आत येताना, मॅनेजर केळुसकरांनी सगळ्यांना आवारात उभं केलं. कोळंबी सोलणाऱ्या बायका, पॅकिंगवाले, कंप्रेसरवाले, सगळे मिळून एकशे त्रेचाळीस माणसं.

"आपल्याकडच्या कुणीतरी अमोनियाबद्दल तक्रार केलीय," केळुसकर शांतपणे म्हणाले. "हक्क आहे. कोणी केली ते मी विचारणार नाही. विचारणं गुन्हा आहे, तीन वर्षं बसायला लागतं आत. आणि कुणी मला नाव सांगायलाही येऊ नका. मला नाव नकोच आहे."

मागून एक बाई पुटपुटली, "मग उन्हात कशाला सुकवतोस मेल्या, बोंबील समजलास?" दोघी-तिघी फिसकन हसल्या. नीलम हसली नाही. केळुसकरांच्या आवाजात राग नव्हता. ज्या माणसाचं काम उरकलेलं असतं, तो असा बोलतो.

तक्रार साधी होती. मासळी गोठवायला अमोनिया लागतो. हवेच्या दहा लाख भागांत तो पंचवीस भाग झाला की डोळे चुरचुरायला लागतात. तीनशेला माणूस गुदमरतो. पंचवीसला भोंगा वाजायचा आणि भोंगा वाजला की काम बंद. महिन्यातून सहा वेळा काम बंद पडायला लागलं, तेव्हा कंपनीने काय करावं? पाइप बदलावेत. कंपनीने भोंगा बदलला. पंचवीसचा अडीचशे केला. सोलायच्या हॉलमध्ये नव्वद बायका बसतात आणि चोरी होते म्हणून हॉलच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप असतं. त्या नव्वदांत नीलमची नणंद विजू होती.

त्या महिन्याच्या नऊ तारखेला दुपारी दोनला कंप्रेसर रूममध्ये आकडा १८७ वर गेला. भोंगा गप्प. हॉलमध्ये विजू आणि बाकीच्या पदराने डोळे पुसत कोळंबी सोलत होत्या. त्या दिवशी नीलमने तक्रार पाठवली.

कायद्याला नुसतं "वास येतो" चालत नाही. तारीख, वेळ आणि आकडा नसेल तर तक्रार परस्पर रद्द होते. एवढं दिलं की बाकीचं सरकारी यंत्र बघतं. पाठवणारा खरंच तिथला कामगार आहे की नाही ते तपासतं, मग त्याचं नाव कायमचं पुसतं. त्याची भाषासुद्धा बदलतं, म्हणजे लिहिण्याच्या ढबीवरून कुणी ओळखू नये. मग तक्रारीची एक प्रत कंपनीकडे जाते, कारण आरोप काय आहे हे आरोपीला कळलं पाहिजे. सगळं न्यायाला धरून. असा कायदा आपल्याकडे झाला म्हणून वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले होते.

आवारातून सुटून नीलम कंप्रेसर रूममध्ये शिरली तेव्हा दाऊदचाचा तिची वाट बघत होते. दाऊद वस्ता, वय पंचावन्न, तीस वर्षं अमोनियाच्या वासात काढलेला माणूस. नऊ वर्षांपूर्वी नीलम इथे आली तेव्हा "बाईमाणूस कंप्रेसरवर?" म्हणून सगळे हसले होते. चाचा हसले नव्हते. त्यांनी तिला झडप कशी फिरवायची ते शिकवलं. पाळी कशी द्यायची तेही त्यांनीच शिकवलं.

पाळी देणं म्हणजे आकडे तोंडाने सांगणं. जाणाऱ्याने पाचही सेन्सरचे आकडे मोठ्याने म्हणायचे, येणाऱ्याने ते परत म्हणून आपल्या हाताने उतरवून घ्यायचे. बाकीचे ऑपरेटर "सगळं चाळीसच्या आत" म्हणून मोकळे होत. चाचा कधीच नाही. "अर्धा आकडा म्हणजे अर्धी झडप, बाय," म्हणायचे. टॅबवर दशांशानंतरची दोन घरं दिसायला लागली तेव्हापासून तीही म्हणत.

आजही त्यांनी टॅब डोळ्यांसमोर धरला. "एक नंबर, बावीस पूर्णांक एक चार."

"बावीस पूर्णांक एक चार," नीलम म्हणाली.

"दोन नंबर..."

टॅब काळा झाला. चाचांनी तो झटकला, बोटाने ठोकला. दारात दोन सिक्युरिटीवाले उभे होते.

"दाऊदभाई, चला. कार्ड द्या."

"पाळी देतोय. पाच मिनिटं थांब की."

"ती देतील दुसरे."

"दुसरे कोण? आकडे माझ्याकडे आहेत!"

त्यांनी चाचांना दंडाला धरून नेलं. बायका काचेतून बघत राहिल्या. नीलमच्या कागदावर एकच आकडा होता आणि तिला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायलाच हवं, नाहीतर ही गोष्ट खोटी होईल. तिला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाचांच्या घरी गेली. खतीजाचाचीने दार उघडलं आणि एक शब्द न बोलता आत निघून गेली. चाचा ओटीवर बसले होते. त्यांनी नोटीस पुढे केली.

नोटीस नीलमने दोनदा वाचली. पहिल्यांदा अक्षरं दिसली, दुसऱ्यांदा अर्थ.

दीड वर्षापूर्वी भिंतीवरचे काट्यांचे मीटर काढून टॅब दिले, तेव्हाच ही सोय केली होती. सेन्सर खरा आकडा पाठवतो, समजा १८७.४०. कंपनीचं मशीन तो प्रत्येकाच्या टॅबवर पाठवताना दशांशानंतर चिमूटभर ढकलतं. चाचांना १८७.४३ दिसतो, नीलमला १८७.३६. एवढ्याने कुणी मरत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. एका आकड्यावरून काही कळतही नाही. पण पाच सेन्सरचे पाच आकडे एकत्र ठेवले की कुठल्या सेन्सरला किती ढकललंय याची जुळणी फक्त एका माणसाची असते, अंगठ्याच्या ठशासारखी. कायद्याला आकडे लागतात आणि आकड्यांतच नाव भरून ठेवलेलं. कंपनीला कुणाला विचारायची गरजच नाही.

नोटिशीत लिहिलं होतं: तक्रारीतील पाचही आकडे दाऊद वस्ता यांच्या टॅबच्या खुणेशी जुळतात. चुकीची शक्यता बत्तीस लाखांत एक. गोपनीय माहिती फोडल्याबद्दल बडतर्फी, ऑपरेटरचा परवाना रद्द, पोलिसात गुन्हा. सुनावणी शुक्रवारी अकरा वाजता.

नऊ तारखेला आकडा १८७ वर गेला तो पाळी बदलताना. चाचांनी पाचही आकडे नाकाला फडकं लावून, खोकत, शेवटच्या अंकापर्यंत म्हटले होते आणि नीलमने ते उतरवून घेतले होते. तिचा टॅब चालू होईपर्यंत पंखे लागले, आकडा खाली आला. तक्रारीत तिने घातले ते चाचांच्या तोंडचे आकडे.

"मी विचार करतोय," चाचा सावकाश म्हणाले, "हे आकडे बाहेर गेले कसे."

नीलमने नोटिशीची घडी घातली.

"मी तर कुणाला दिलेले नाहीत." ते तिच्याकडे बघत नव्हते, अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होते. "पाळी देताना म्हटले असतील. पण समोर कोण होतं ते काय आठवत नाय. वय झालं."

"चाचा..."

"आठवत नाय म्हटलं ना! साहेबालापण तेच सांगणार. तू जा आता. इथे येत जाऊ नको, कुणी बघेल." मग आतल्या दाराकडे बघून हळूच म्हणाले, "माझं नाव दाऊद. पोलिसात गुन्हा म्हटल्यावर गावातले लोक कशाचा गुन्हा ते विचारायला थांबत नाहीत, बाय. चाची त्यालाच घाबरते."

घरी नवरा अंगणात गाडी धूत होता. महेंद्र कंपनीचाच बर्फाचा टेम्पो चालवायचा. तक्रारीचं फक्त त्याला माहीत होतं.

"चाचाने नाव घेतलं तुझं?"

"नाही."

"मग देव पावला."

"असं बोलवतं कसं तुला?"

"घाबरलोय म्हणून बोलतो!" त्याने पाण्याचा पाइप फेकला. "तू नाय घाबरलीस? काल मुलगी शाळेतून दहा मिनिटं उशिरा आली, तर तू नाक्यापर्यंत चप्पल न घालता धावलीस. चार दिवस गप्प बस. कायदा आहे ना? चाचाला कायदा सोडवेल."

नीलमलाही तेच वाटत होतं. म्हणून ती सरकारच्या तक्रारदार संरक्षण कक्षात गेली. जिल्ह्याच्या गावी, दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली एक टेबल. टेबलामागे बाणावलीकर मॅडम, चष्मा डोक्यावर चढवलेला, बाई मनाने चांगली. मी मुद्दाम सांगतोय. यात वाईट माणूस शोधायला जाल तर सापडणार नाही, हीच तर बोंब आहे.

"एका माणसाला तक्रार केली म्हणून काढतायत," नीलम म्हणाली.

"त्यांनी केली होती का?"

"नाही."

"अहो, मग ते तक्रारदार नाहीत." मॅडमनी चष्मा खाली घेतला. "कायदा तक्रारदाराला संरक्षण देतो. ज्याने तक्रार केलीच नाही, त्याला कशाचं संरक्षण देऊ मी?"

"पण शिक्षा तर तक्रारीचीच देतायत!"

"कळतंय हो मला. पण कलमात बसत नाही."

नीलमने दार बंद आहे का ते पाहिलं. आवाज खाली आणला. "आणि ज्याने केली तो पुढे आला तर?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं. मग त्यांनीही आवाज खाली आणला.

"तक्रारदाराने स्वतःहून तोंड उघडलं की संरक्षण त्या क्षणी संपतं. एक. आणि तो खरं बोलतोय हे मी सांगू शकत नाही. दोन. आमच्याकडे नाव नसतंच. पूर्वी पावती द्यायचो. कंपन्या कामगारांचे फोन उघडून पावत्या शोधायला लागल्या, म्हणून बंद केली. खोटा तक्रारदार बनून आलं तर दोन वर्षं आहेत, तेही लक्षात ठेवा." त्यांनी कागद उगाच सरळ केले. "तुम्ही इथे आलात हे मी कुठे लिहीत नाही. जपून जा."

जिना उतरताना नीलमने कठडा धरला होता. तिचं नाव इतकं नीट लपवलं होतं की तिलाच ते सापडत नव्हतं.

बुधवारी सकाळी ती केळुसकरांच्या केबिनमध्ये गेली. उभ्याउभ्याच म्हणाली, "साहेब, तक्रार मी केली."

केळुसकरांनी फाइल मिटली. "बस. चहा घेतेस?"

"दाऊदचाचांनी पाळी देताना आकडे सांगितले. तेच मी घातले. त्यांना काही माहीत नव्हतं."

"त्यांनी तुला काम शिकवलं. तुला वाईट वाटतं. माणूस आहेस, वाटणारच." त्यांनी बेल वाजवून चहा सांगितला. "पण मशीन वस्ता म्हणतं. बत्तीस लाखांत एक चूक. तू म्हणतेस ती चूक नेमकी माझ्याच कारखान्यात झाली?"

"मशीन आकडा ओळखतं. तो कुणाच्या तोंडून कुणाच्या कानात गेला ते त्याला कसं कळणार?"

हे ऐकून केळुसकर पहिल्यांदा थांबले. त्यांना ते पटलं होतं. नीलमला ते डोळ्यांत दिसलं आणि पटूनही त्या डोळ्यांत काही हललं नाही, तेही दिसलं.

"हे मशीन कंपनीच्या चाळीस कारखान्यांत आहे," ते म्हणाले. "सव्वाशे माणसं त्याने पकडलीत. ते इथे चुकलं, तर चाळीस ठिकाणी चुकलं असेल. तसा रिपोर्ट मी वर पाठवू? मी?" ते पुढे झुकले. "तू काही बोलली नाहीस, मी काही ऐकलं नाही. महेंद्रची गाडी आपल्याकडेच आहे ना? आणि विजया शिवलकर, हॉलमधली, तुझी नणंद? तीन माणसं एका घरातली. चहा घे, गार होतोय."

तिने चहा घेतला. सगळा प्यायली. नको म्हणायचीसुद्धा हिंमत झाली नाही. बाहेर येऊन नळावर ओकली.

ओकून झाल्यावर ती तिथेच बसून राहिली. सरकारकडे तिचं नाव नव्हतं. साहेबाला ते नको होतं. चाचांना आठवत नव्हतं. तिचं नाव घेऊ शकेल असं जगात आता एकच होतं, ते मशीन. आणि ते चुकूनही चाचांचं नाव परत घेऊ शकणार नव्हतं, कारण चाचांचा टॅब सोमवारपासून बंद होता.

दुपारी दोनला ती पाळीवर आली. पहिल्या पाळीचा बदली ऑपरेटर, पराग नावाचा नवा मुलगा, आकडे सांगू लागला. "एक नंबर, एकतीस पूर्णांक..."

"थांब!" ती ओरडली. तो दचकला. "मला सांगू नकोस. तुझे आकडे तुझ्याकडे ठेव. जा घरी."

"पाळी?"

"घेतली असं समज. जा."

तो गेल्यावर ती पहिल्या सेन्सरपाशी गेली. सेन्सरच्या पोटावर करंगळीएवढी काच असते, मेकॅनिकशिवाय कुणी बघत नाही. त्या काचेवर खरा आकडा असतो. कुणाच्याच नावाचा नसलेला. तिने बाहीने धूळ पुसली आणि टॅब काचेच्या शेजारी धरला.

काच म्हणत होती ३१.०८. तिचा टॅब म्हणत होता ३१.१७.

भिंतीवरचा कॅमेरा बरोबर तिच्या डोक्यावर होता. तिने वर बघितलं नाही. दुसरा सेन्सर. तिसरा. चौथ्यापाशी पेन हातातून पडलं, ते उचलताना तिला वाटलं आता मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवणार. कुणी ठेवला नाही. पाचवा सेन्सर सोलायच्या हॉलमध्ये होता. विजूने मान वर केली, "काय गो वैनी, आज इकडे?" नीलम नुसती मान हलवून काचेत बघत राहिली.

पाच काचेचे आकडे, पाच तिचे. कुठलाच जुळत नव्हता.

हॉलच्या कोपऱ्यात बसून तिने फोनवर नवी तक्रार लिहिली. भोंगा अजून अडीचशेवरच आहे. विषारी वायूचा आकडा कंपनी प्रत्येक कामगाराला वेगळा आणि खोटा दाखवते, पुरावा खाली. मागच्या तक्रारीतले आकडे पाळी देताना ऐकलेले होते. सांगणाऱ्याचा काही दोष नाही, दोन्ही तक्रारी एकाच कामगाराच्या आहेत. शेवटी तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं. सरकारी यंत्राने ते तिच्या डोळ्यांदेखत खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. आकडे मात्र खोडले नाहीत. आकडे कायद्याला हवे असतात.

तिने काचेचे पाच आकडे लिहिले. मग स्वतःचे, एकेक, दशांशासकट. ३१.१७ लिहिताना सात दोनदा उमटला, एक पुसावा लागला. जिवाला धोका असलेली तक्रार कंपनीकडे चोवीस तासांत जाते. म्हणजे गुरुवारी. सुनावणीच्या आदल्या दिवशी.

"पाठवल्यावर मागे घेता येणार नाही," स्क्रीनवर आलं.

तिला मुलीची वेणी आठवली, महेंद्रचा टेम्पो आठवला. भीती कमी होईल म्हणून ती थोडी थांबली. भीती कमी होत नव्हती. मग ती तशीच घाबरलेली असताना तिने बटण दाबलं.

ती उठली. विजूच्या पाटाजवळ जाऊन उभी राहिली. आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले.

"ऐका," ती म्हणाली. "उद्यापासून मी कंप्रेसरवर नसेन. डोळे चुरचुरले की भोंग्याची वाट बघायची नाही, कुणाच्या टॅबवर काय दिसतं तेही विचारायचं नाही. कोयते उचलायचे, कुलूप फोडायचं आणि पळायचं."

"काय गो केलंस तू?" विजू उभी राहिली. "तुला शोधून काढतील मेले!"

"शोधायला कशाला लागतंय," नीलम म्हणाली. "मी पत्ता देऊनच आलेय."